लाइन गेली म्हणून हिशेब जाऊ नये

प्रति,
दूध संकलन, पर्जन्यमापन, वीजमोजणी आणि वजनकाटे यांच्या खरेदीसाठी निविदेतल्या तांत्रिक अटी लिहिणारे सर्व अधिकारी आणि सल्लागार अभियंते,
महाराष्ट्र राज्य.

विषय: नोंद ठेवणाऱ्या यंत्रांच्या मेमरीबाबत एक अट घालण्याची विनंती.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातला. आयटीआय झाल्यावर बाजारपेठेत छोटे दुकान टाकले, त्याला बावीस वर्षे झाली. मोटरपंपाचे स्टार्टर, इन्व्हर्टर, इलेक्ट्रॉनिक काटे, दुधाच्या मशीन असे सगळे दुरुस्तीला येते. आपल्या निविदेतून गावात जी यंत्रे येतात, ती बंद पडली की माझ्यासारख्याच्याच टेबलावर उघडली जातात. आपली कधी भेट झालेली नाही, पण काम एकमेकांना जोडलेले आहे. त्या नात्याने लिहितो.

तीन वर्षांपूर्वीचा आषाढ. धानाची रोवणी सुरू होती. जवळच्या एका गावात संध्याकाळचे दूध घेणे चालू असताना पाऊस कोसळला. लाइन गेली, आली, पुन्हा गेली. अर्ध्या तासात सात-आठ वेळा. शेवटी टिकली तेव्हा मशीन सुरू झाली, पण पडद्यावर सभासदांच्या नावापुढे काहीच नाही. त्या संध्याकाळचे तर गेलेच, मागच्या आठ दिवसांचे वजन, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरणारा घन भाग) हेही गेले. दोन दिवसांनी दहा दिवसांचा चुकारा व्हायचा होता.

सचिवांनी वही उघडली आणि एकेकाला विचारून लिहू लागले. काहींजवळ पावत्या होत्या, पण तो थर्मल कागद. खिशातल्या घामाने आणि उन्हाने अक्षरे उडालेली. कुणी आठवून सांगितले, कुणी थोडे वाढवून सांगितले, आणि ज्यांनी खरे सांगितले त्यांनाही शेजारी संशयाने बघू लागले. दोन म्हशी असलेली एक बाई सचिवांपुढे उभी होती. ती मला म्हणाली, "भाऊ, दूध तं गेलं टाकीत, मंग नोंद कोठी गेली?"

तिला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. मशीन दुकानात आणून उघडली आणि तीन दिवस तिच्यावर बसलो.

आत दोन प्रकारची मेमरी होती. चालू दिवसाची नोंद एका रॅम चिपमध्ये राहायची. लाइन नसताना तिला जिवंत ठेवायला मागे एक बटण सेल. तीन व्होल्टचा तो सेल दोन व्होल्टच्याही खाली उतरला होता. मशीन टिनाच्या शेडमध्ये असते आणि आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो. शेडच्या आत, बंद पेटीत काय होत असेल ते आपणच समजा. दुसरी होती फ्लॅश चिप. ठरावीक वेळाने रॅममधली नोंद तिच्यात उतरायची. फ्लॅशचा स्वभाव असा की एक आकडा बदलायचा तरी त्याच्या आजूबाजूचा आख्खा गठ्ठा आधी पुसावा लागतो आणि मग पुन्हा लिहावा लागतो. कोणत्या सभासदाची नोंद कुठे आहे हे सांगणारी यादीच त्या वेळी पुसून झाली होती, नवी लिहायची होती, आणि नेमकी तेव्हा लाइन गेली. एक चिप विसरली कारण तिचा सेल मेला होता. दुसरी विसरली कारण तिला लिहिता लिहिता मध्येच तोडले.

मशीन बनवणाऱ्यांशी भांडायचे म्हणून मी त्या खरेदीची निविदा मिळवून वाचली. पडदा किती इंची, प्रिंटर कसा, किती सभासद मावले पाहिजेत, रंगसुद्धा लिहिला होता. लाइन अचानक गेल्यावर नोंदीचे काय झाले पाहिजे, यावर एक ओळ नव्हती. म्हणजे ती मशीन आपल्या अटींप्रमाणे पास होती. म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

यावर आपल्यापैकी काही जण म्हणतील की ईईप्रॉम नावाची मेमरी चिप वापरा, तिला सेल लागत नाही. खरे आहे, मीही बरीच वर्षे तेच सांगत होतो. पण त्या चिपच्या प्रत्येक कप्प्याला लिहिण्याची मर्यादा असते, साधारण एक लाख ते दहा लाख वेळा. जास्त व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन एका पातळ थरातून पलीकडे ढकलायचे आणि तिथे अडकवून ठेवायचे, अशी तिची रीत. दर वेळी तो थर थोडा झिजतो. आता हिशेब करा. एखादे यंत्र दर मिनिटाला एकाच कप्प्यात लिहीत असेल तर दिवसाला १,४४० वेळा झाले. एक लाखाची चिप सत्तर दिवसांच्या आत संपली, दहा लाखांची दोन वर्षांच्या आत. दर सेकंदाला लिहिले तर दहा लाखांची चिपसुद्धा बारा दिवस टिकत नाही. हुशार अभियंता कप्पे बदलत लिहितो, त्याने आयुष्य वाढते. पण बहुतेक जण सोपा मार्ग घेतात: कमी वेळा लिहायचे. पंधरा मिनिटांनी एकदा, तासाने एकदा. मधल्या वेळेत जे घडले ते हवेवर.

शेतकऱ्याचे नुकसान याच मधल्या वेळेत आहे. पर्जन्यमापकाचेच घ्या. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी, मग पंचनामा, मग मदत. नोंद ६१ वर थांबली तर काही नाही. आणि ढगफुटीसारखा पाऊस येतो तेव्हाच वीज कडाडते, झाड तारेवर पडते, डीपी जळते. ज्या घडीची नोंद सर्वांत मोलाची, त्याच घडीला यंत्राचा जीव जातो. सौर प्लेट आणि बॅटरी असली तरी चार दिवस आभाळ झाकलेले राहिल्यावर जुनी बॅटरी कुठवर पुरणार? बांधीतून पाणी वाहून गेलेले सगळ्या गावाने पाहिलेले असते, पण कागदावर नसते.

या अडचणीवर उपाय असलेली चिप जगात २००६ पासून विकत मिळते. तिला एमरॅम म्हणतात. ती नोंद चुंबकात ठेवते, आणि चुंबकाला चुंबक राहायला वीज लागत नाही.

ही कल्पना नवी नाही. १९५० च्या दशकात संगणकाची मेमरी म्हणजे फेराइटच्या बारीक बारीक कड्याच होत्या. प्रत्येक कडीतून तारा ओवलेल्या, कडी एका दिशेने चुंबकित झाली तर एक, उलट दिशेने झाली तर शून्य. अमेरिकेत हे ओवण्याचे काम मुख्यतः बायकांनी केले, सुईदोऱ्याच्या कसबाने. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅक या आपल्या संगणकातही अशीच मेमरी होती: ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे सुमारे ८२ हजार बिट, आणि एका बिटाला, म्हणजे एका एक-शून्याला, एक कडी. लाइन गेली तरी कडी आपली दिशा सोडत नसे. १९८६ मध्ये अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान फुटून समुद्रात पडले, तेव्हा त्याच्या संगणकांची मेमरी चुंबकीय कड्यांचीच होती. ती अनेक आठवडे खाऱ्या पाण्याखाली होती. बाहेर काढल्यावर तिच्यातली माहिती वाचता आली.

मग १९७० च्या सुमारास सिलिकॉनच्या रॅम चिप आल्या. लहान, स्वस्त, वेगवान. कड्या गेल्या. या नव्या मेमरीच्या मुख्य जातीत नोंद म्हणजे एका सूक्ष्म टाकीतला विद्युतभार, आणि टाकी गळकी. ६४ मिलिसेकंदांच्या आत ती पुन्हा भरत राहावी लागते. शहरात, अखंड विजेवर, ते चालून गेले. आमच्याकडे शेतीच्या फीडरला आठ तास लाइन, तीही आठवड्यागणिक दिवसा नाहीतर रात्री. विसरभोळ्या मेमरीचा तोटा तालुक्याच्या गावात जितका कळतो तितका मुंबईत कळत नाही, आणि माझ्या मते म्हणूनच निविदेत ती ओळ आली नाही.

चुंबक पुन्हा मेमरीत आला तो वेगळ्या वाटेने. १९८८ मध्ये फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पीटर ग्र्यूनबर्ग यांना स्वतंत्रपणे आढळले की चुंबकीय धातूंचे अतिपातळ थर एकमेकांवर रचले तर त्यांच्या चुंबकीय दिशा जुळतात की नाही यावर विजेचा अडथळा बराच बदलतो. त्यासाठी त्यांना २००७ चे नोबेल मिळाले. पुढे दोन चुंबकीय थरांच्या मध्ये वीज न वाहणारा पडदा घातला. १९९५ मध्ये अमेरिकेत जगदीश मूडेरा यांच्या गटाने आणि जपानमध्ये तेरुनोबू मियाझाकी यांच्या गटाने दाखवले की नेहमीच्या तापमानालाही हा फरक दहा-वीस टक्क्यांपर्यंत मिळतो. मूडेरा आपल्याच देशातले, त्यांची पीएचडी आयआयटी मद्रासची. २००४ मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा पडदा वापरून तो फरक दोनशे टक्क्यांच्या घरात गेला. इतका फरक असला की एक आणि शून्य चुकत नाहीत.

मी दुकानात येणाऱ्या पोरांना हे बैलजोडीवरून समजावतो. एक बैल खुंट्याला पक्का बांधलेला, त्याचे तोंड कायम पूर्वेला. दुसरा मोकळा, तो पूर्वेला तोंड करू शकतो किंवा पश्चिमेला. दोघांची तोंडे एका दिशेला असली की मधल्या पडद्यातून वीज सहज निघते, उलट असली की अडते. कमी अडली तर शून्य वाचायचे, जास्त अडली तर एक. पडदा किती पातळ? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एखाद-दुसरा भाग. एवढ्या पातळ भिंतीतून इलेक्ट्रॉन आरपार जातात, जणू बोगदा आहे. मोकळा बैल वळवायचा तर पहिल्या पिढीच्या चिपमध्ये वर-खाली आडव्या-उभ्या जाणाऱ्या दोन तारांतून प्रवाह सोडायचे, जुन्या कड्यांसारखेच. नंतरच्या पिढीत प्रवाह सरळ त्या दोन थरांमधूनच सोडतात. बांधलेल्या थरातून गेलेल्या इलेक्ट्रॉनांच्या फिरकीला एक दिशा लागते आणि ते मोकळ्या थराला तिकडे वळवतात. उलट वळवायचा तर प्रवाह उलट. ही गोष्ट सिद्धांतात १९९६ मध्येच मांडली गेली होती.

आणि खुंटा कशाचा? बांधलेला थर जागेवर राहावा म्हणून त्याच्या खाली दुसऱ्या एका मिश्रधातूचा थर घालतात, आणि अनेक चिपमध्ये तो मँगनीजचा असतो, इरिडियम-मँगनीज किंवा प्लॅटिनम-मँगनीज. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. आमच्या तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड सुक्या सेलसाठी जाते. त्या मेलेल्या बटण सेलच्या पोटातही मँगनीज डायऑक्साइडच होते. ज्याच्यामुळे नोंद गेली त्यातही मँगनीज, आणि जी नोंद राखू शकते तिच्या खुंट्यातही मँगनीज. आमच्या गावांतले किती तरी जण या खाणींत राबले. त्यांच्या घरच्या दुधाची नोंद टिकावी ही मागणी मला मोठी वाटत नाही.

अभियंत्यांसाठी महत्त्वाचे हे की ही चिप करायला वेगळा कारखाना लागत नाही. खाली नेहमीचे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर, प्रत्येक बिट निवडायला एक. त्यांच्या वर तारांचे जे थर असतात त्यांच्यामध्ये ही चुंबकीय जोडी बसवतात. म्हणजे सेमीकंडक्टरचीच कारागिरी, थोडे जास्तीचे थर. २००६ मध्ये बाजारात आलेली पहिली चिप चार मेगाबिटची होती. लिहायला ३५ नॅनोसेकंद, पुसायची गरज नाही, लिहिण्याची मर्यादा नाही, वीज नसताना २० वर्षे नोंद टिकते असे उत्पादक लिहून देतात. ईईप्रॉमला एक नोंद लिहायला पाच मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ही चिप एक लाखाहून अधिक वेळा लिहून मोकळी होते. लाइन गेल्यावर यंत्राच्या कपॅसिटरमध्ये क्षणभराचा जो जीव उरतो, तोच तिला पुरतो. एअरबसने ए-३५० विमानाच्या उड्डाण-नियंत्रक संगणकासाठी ही मेमरी निवडली. दूध संकलन म्हणजे विमान नव्हे, हे मला कळते. पण दहा दिवसांचा चुकारा हाच ज्या घराचा महिन्याचा बाजार, त्या घरात तो कमी महत्त्वाचा नाही.

किंमत जास्त आहे, हे लपवत नाही. तेवढ्याच जागेच्या फ्लॅशपेक्षा ती कितीतरी महाग पडते, आणि फोटो किंवा व्हिडिओ ठेवायचे तिचे काम नव्हे. पण आपल्याला जागा लागते किती? सभासद क्रमांक, वेळ, वजन, फॅट, एसएनएफ, दर: एका नोंदीला ३२ बाइट पुष्कळ. चार मेगाबिटमध्ये सोळा हजारांवर नोंदी बसतात. साठ जण दोन वेळ दूध घालत असतील तर साडेचार महिने झाले. चुकारा दहा दिवसांनी असतो. बाकी सगळा पसारा फ्लॅशमध्येच राहू द्या, फक्त चालू नोंद आणि ती यादी सुरक्षित ठेवा.

दुसरी अडचण चुंबकाचीच. फार तीव्र चुंबक अगदी जवळ आणला तर या चिपची नोंद बिघडू शकते. स्टार्टरच्या काँटॅक्टरची कॉइल, मोठ्या स्पीकरचा चुंबक यांच्यापासून ती दूर बसवली पाहिजे. विजेच्या मीटरला चुंबक लावण्याचे प्रकार आपल्याला माहीत आहेत, तेव्हा मीटरमध्ये वापरायची तर पत्र्याचे कवच आणि चुंबकाची चाचणी हवीच. अंतर वाढले की चुंबकाचा जोर झपाट्याने कमी होतो, त्यामुळे हे अवघड नाही, पण विसरून चालणार नाही. आणि उष्णता. स्वस्तातल्या घरगुती दर्जाची चिप टिनाच्या शेडमध्ये नको, ८५ अंशांपर्यंत चालणारी औद्योगिक दर्जाची घ्या.

फेरोइलेक्ट्रिक मेमरी म्हणून आणखी एक जात आहे. नावात फेरो असले तरी तिच्यात चुंबक नसतो. तीही सेलशिवाय नोंद ठेवते, झटकन लिहिते आणि लवकर झिजत नाही. तिनेही हे काम भागते. म्हणून मी आपल्याला "एमरॅमच घ्या" अशी अट घाला म्हणत नाही. तशी अट घातली तर उद्या एकाच पुरवठादाराच्या सोयीची निविदा झाल्याचा आरोप येईल आणि पुन्हा सगळे कागद अडकतील. चिपचे नाव लिहू नका, चाचणी लिहा. माझ्या मनातली ओळ अशी आहे:

"यंत्र नोंद लिहीत असताना कोणत्याही क्षणी वीजपुरवठा तोडला, तरी पूर्ण झालेली एकही नोंद नष्ट होता कामा नये. पुरवठादाराने ही चाचणी आतील सेल काढून, सलग एक हजार वेळा, खरेदीदाराच्या प्रतिनिधीसमोर करून दाखवावी. प्रत्येक नोंद ती घडताच कायमस्वरूपी मेमरीत जावी, आणि त्या मेमरीचे लेखन-आयुष्य यंत्राच्या दहा वर्षांच्या वापराला पुरेल याचा हिशेब सोबत जोडावा."

यात खर्चाचे काही नाही. एक रिले आणि एक टायमर लावला तर हजार वेळा वीज तोडायला एक दिवसही लागत नाही. माझ्या दुकानात मी असा सांगाडा करून ठेवला आहे आणि दुरुस्त केलेली प्रत्येक दुधाची मशीन आता त्यावर रात्रभर चालवून मगच परत देतो. दोन मशीन त्यात नापास झाल्या. त्यांना छोटे बोर्ड करून चुंबकीय चिप जोडल्या, त्या आज चालू आहेत. पण मी एक तालुका सांभाळू शकत नाही, राज्य तर दूरच. आपण लिहिलेली एक ओळ एकाच वेळी सगळ्या गावांत पोचते.

देशाने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटींची योजना जाहीर केली. कारखान्यांसाठी गुजरातमधले साणंद, धोलेरा, आसाममधले जागीरोड ही नावे बातम्यांत येतात. चांगलेच आहे. आमच्याकडेही तसा कारखाना यावा असे म्हणणारे पुष्कळ आहेत, मीही त्यांच्यातलाच. पण कारखाना यायला वर्षे लागतात आणि तो कुठे जाईल ते आपल्या हातात नसते. निविदेची ओळ आपल्या हातात आहे, आणि पुढच्या खरेदीची तयारी बहुधा आत्ताच कुठल्या तरी टेबलावर चालू असेल.

नागपूर आणि अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांची नावेही अशा समित्यांवर असतात. त्यांना वेगळी विनंती: आपल्या विद्यार्थ्यांना एकदा पावसाळ्यात गावातल्या संकलन केंद्रावर संध्याकाळी सहा वाजता उभे करा. मेमरीचा धडा तिथे लवकर समजतो.

त्या आषाढातल्या हिशेबाचे शेवटी असे झाले की सचिवांनी मागच्या पंधरवड्याची सरासरी काढून सगळ्यांना पैसे दिले. त्या बाईची एक म्हैस नुकतीच व्यायली होती, दूध वाढले होते. सरासरीत ते धरले गेले नाही. ती काही बोलली नाही, पण पुढच्या महिन्यापासून तिने केंद्रावर दूध घालणे सोडले. आता ती खासगी गवळ्याला देते, तो दर कमी देतो, पण रोख देतो आणि तिच्यासमोर पाटीवर खडूने लिहितो.

सचिवांनी आठवून लिहिलेली ती वही माझ्याकडे आहे, मशीनमधून काढलेल्या दोन्ही चिपसुद्धा. आपण बोलवाल तिथे, भंडाऱ्याला, नागपूरला किंवा मुंबईला, चाचणीचा सांगाडा घेऊन मी स्वखर्चाने येईन.

आपला नम्र,
इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती कारागीर,
तुमसर तालुका, जिल्हा भंडारा